आवाज कुणाचा?

(दहावी १९९५ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांची सूचना स्पष्ट होती. प्रत्येकानं आपल्या कामाबद्दल किंवा छंदाबद्दल वीस मिनिटं बोलायचं. आठवणींचं सत्र दुपारी वेगळं आहे, तेव्हा 'आमच्या वेळी' असं म्हणून कुणी सुरुवात करायची नाही. मी गटावर विषय कळवला, 'इलेक्ट्रॉनिक संगीतात प्रयोग करणाऱ्या बायका'. पहिला प्रतिसाद आला, "म्हणजे डीजे का गं?" दुसरा आला, "मग यंदा गणपतीत तूच ये." तिसरा आपल्या गणिताच्या सरांचा होता, "विषय नवीन आहे. तयारी करून ये." तेव्हा सर, तयारी करून आले आहे.

आधी माझ्या कामाबद्दल दोन वाक्यं. मी वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. सध्या आमचा गट फोनवरच्या बोलण्यातला गोंगाट कमी करणारं सॉफ्टवेअर लिहितो. तुम्ही रिक्षातून आईला फोन केलात, तर आईला तुम्ही ऐकू यावं आणि रिक्षा ऐकू येऊ नये, यासाठी मला पगार मिळतो. दिवसभर मी आवाजातून नको ते काढून टाकत असते. आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्या बरोबर उलटं करत होत्या. लोक ज्याला गोंगाट म्हणायचे, तो उचलून त्या संगीतात आणत होत्या. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती या उलट्या नात्यानं.

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे काय, तेही साध्या शब्दांत सांगते. तबल्याचा आवाज पुडीतून येतो, बासरीचा फुंकरीतून, सतारीचा तारेतून. काहीतरी वस्तू थरथरते आणि हवा हलते. इलेक्ट्रॉनिक संगीतात मुळात थरथरतो तो विजेचा प्रवाह. शेवटी स्पीकरचा पडदा हलतो तेव्हा तो आपल्याला ऐकू येतो. गाण्याच्या क्लासमध्ये तानपुऱ्याची ती छोटी पेटी असते ना, बटण दाबलं की 'सा-प' सुरू करणारी? ती आपल्या ओळखीची. पण त्या पेटीचं काम नक्कल करण्याचं आहे, खऱ्या तानपुऱ्यासारखं वाजण्याचं. मी सांगतेय त्या बायकांना नक्कल करायची नव्हती. कुठल्याच वाद्यातून आजवर न निघालेला आवाज त्यांना हवा होता.

पहिलं नाव डेलिया डर्बिशायर. मी त्यांना डर्बिशायरबाईच म्हणणार, शाळेत उभी आहे म्हटल्यावर दुसरं काही तोंडात येत नाही.

त्यांचा जन्म १९३७ सालचा, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातला. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या नोव्हेंबरात, या शहरावर जर्मन विमानांनी भयंकर बॉम्बवर्षाव केला. तीन वर्षांच्या मुलीच्या कानांवर भोंगे पडले. खालून वर चढणारा आणि पुन्हा उतरणारा धोक्याचा भोंगा, आणि मग धोका टळल्याचा एकसुरी भोंगा. अमूर्त आवाजांची ओढ आपल्याला तिथून लागली, असं त्या पुढे सांगायच्या. शिकल्या केंब्रिजला, गणित आणि संगीत. १९५९ साली त्यांनी डेक्का या रेकॉर्ड कंपनीकडे नोकरी मागितली. आम्ही ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत बायका घेत नाही, असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी त्या बीबीसीत उमेदवार म्हणून लागल्या आणि १९६२ मध्ये तिथल्या 'रेडिओफोनिक वर्कशॉप' या विभागात गेल्या. नभोनाट्यांना आणि दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांना लागणारे चमत्कारिक आवाज तयार करणं, हे त्या वर्कशॉपचं काम.

१९६३ साली बीबीसीनं 'डॉक्टर हू' नावाची मालिका काढली. काळातून प्रवास करणाऱ्या एका माणसाची गोष्ट. तिचं शीर्षकसंगीत रॉन ग्रेनर या संगीतकारानं लिहिलं. लिहिलं म्हणजे एका कागदावर सुरावट आणि जोडीला काही सूचना. त्या कागदाचा आवाज करायचं काम डर्बिशायरबाईंकडे आलं.

आता लक्षात घ्या, तेव्हा त्यांच्याकडे सिंथेसायझर नव्हता, संगणक तर नव्हताच. होती ती टेपयंत्रं, ब्लेड आणि चिकटपट्टी. यंत्रांच्या चाचणीसाठी वापरायचे ऑसिलेटर होते, ज्यांतून एकच एक 'ऊंऽऽ' निघतो. आपण कॅसेटच्या जमान्यातली माणसं. अडकलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळलेली आहे आपण, त्यामुळे पुढचं तुम्हाला पटकन कळेल, आपल्या मुलांना मात्र समजावून सांगावं लागेल.

स्टुडिओच्या मोठ्या यंत्रांत फीत सेकंदाला १५ इंच या वेगानं धावायची. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा सूर म्हणजे साडेसात इंच फीत. पाव सेकंदाचा सूर पावणेचार इंच. सर, इथे तुमचं त्रैराशिक आलं! संगीतातला काळ त्या पट्टीनं मोजत होत्या. त्यांनी एक तार छेडून तिचा आवाज फितीवर घेतला. फीत दुप्पट वेगानं वाजवली की खालचा सा वरच्या सा वर जातो. मधले वेग साधले की मधले सूर मिळतात. असा एकेक सूर तयार करायचा, फीत मोजून कापायची, एकीला दुसरी चिकटवायची. त्या सुरावटीखाली धावणारी लय अशी एकेक तुकडा जोडून झाली आहे. वरची तरंगणारी धून ऑसिलेटरची, तिचा सूर हातानं फिरवलेला. मध्ये जो 'सूंऽऽ' असा वारा येतो, तो चक्क गोंगाट आहे. रेडिओचं स्टेशन न लागल्यावर येते तशी खरखर, चाळणीतून गाळावी तशी गाळलेली. मी जे फेकून देते तेच.

आज आपण एका गाण्यात वीस ट्रॅक सहज एकावर एक ठेवतो. तेव्हा तसं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. धुनेची फीत एका यंत्रावर, लयीची दुसऱ्यावर, आणि सगळी यंत्रं एका क्षणी हातानं सुरू करायची. एकदा सगळं जुळवून ऐकलं तर कुठेतरी एक सूर चुकत होता आणि कुठे ते सापडेना. मग त्यांनी आणि त्यांचे सहकारी डिक मिल्स यांनी मेडा व्हेलच्या स्टुडिओतल्या लांब बोळात सगळ्या फिती शेजारी शेजारी उलगडून पसरल्या आणि चालत चालत सांधे तपासले. एका फितीचा सांधा बाकीच्यांशी जुळत नव्हता. तीच चूक. आमच्या धंद्यात याला डीबगिंग म्हणतात. मी ते खुर्चीत बसून करते, त्यांनी ते बोळात चालून केलं, पण जात एकच.

ग्रेनर यांनी तयार झालेलं संगीत ऐकलं आणि थक्क होऊन विचारलं, हे मी लिहिलंय का? डर्बिशायरबाई म्हणाल्या, बरंचसं. त्या माणसाचा मोठेपणा असा, की संगीतकार म्हणून आपल्याबरोबर यांचंही नाव द्या, असा आग्रह त्यांनी धरला. बीबीसीनं ते मान्य केलं नाही. वर्कशॉपमधल्या माणसांची नावं द्यायची नाहीत, अशी तिथली रीत होती. पडद्यावर संगीतकार म्हणून ग्रेनर यांचं नाव यायचं आणि खाली वर्कशॉपचं. ही मालिका पिढ्यान्पिढ्या पाहिली गेली. डर्बिशायरबाईंचं नाव त्या शीर्षकसंगीतासाठी पडद्यावर आलं २०१३ साली, मालिकेला ५० वर्षं झाली तेव्हाच्या खास भागात. त्या २००१ मध्ये गेल्या होत्या. त्यांच्या माळ्यावर २६७ फिती सापडल्या. त्या आता मँचेस्टर विद्यापीठाकडे आहेत.

आता दुसरं नाव, जे खरं तर आधी यायला हवं. डॅफ्नी ओरम. जन्म १९२५. संगीताच्या कॉलेजातला प्रवेश सोडून त्या १८ व्या वर्षी बीबीसीत तंत्रज्ञ म्हणून लागल्या. युद्ध चालू होतं, पुरुष आघाडीवर होते, म्हणून मुलींना यंत्रांपाशी बसायला मिळत होतं. सभागृहातून मैफल थेट प्रसारित व्हायची तेव्हा तेच संगीत रेकॉर्डवर सोबत चालवत ठेवायचं, हे ओरमबाईंचं एक काम. बॉम्ब पडून मैफल थांबली तर श्रोत्यांच्या रेडिओवरचं संगीत थांबू नये, म्हणून. दिवसा हे काम. रात्री सगळे घरी गेले की त्या टेपयंत्रांवर स्वतःचे प्रयोग करत बसत. वर्कशॉप सुरू व्हावं म्हणून वर्षानुवर्षं त्यांनी पाठपुरावा केला. १९५८ साली ते सुरू झालं, त्या संस्थापकांपैकी एक होत्या, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत राजीनामा देऊन बाहेर पडल्या. कारण त्यांना स्वतंत्र संगीत करायचं होतं आणि बीबीसीला नाटकांसाठी आवाज पुरवणारी खोली हवी होती.

पुढे केंट परगण्यात जुन्या शेतघरासारख्या एका इमारतीत त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि एक यंत्र बांधलं. त्याचं नाव 'ओरॅमिक्स'. सिनेमाच्या ३५ मिलिमीटरच्या पारदर्शक फितींवर शाईनं आकार काढायचे. फिती एका दिव्यासमोरून सरकतात, चित्रामुळे प्रकाश कमीजास्त होतो, प्रकाश मोजणारे घटक त्याची वीज करतात आणि त्या विजेचा आवाज होतो. एका फितीवर सूर, एकीवर आवाजाचा चढउतार, असं करत दहा फिती. थोडक्यात, चित्र काढा आणि ते ऐका. आज संगणकावर आवाज संपादित करताना मी पडद्यावर जी वळणं माउसनं ओढते, ती कल्पना ओरमबाई साठच्या दशकात शाईनं आणि काचेनं करत होत्या. ते यंत्र आता लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

आता मला यातून जे कळलं ते सांगते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

मला प्रश्न पडला होता की या क्षेत्रात इतक्या सुरुवातीला बायका आल्या कशा? कारण पलीकडे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची स्थिती पाहा. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या जगप्रसिद्ध वाद्यवृंदानं १९९७ पर्यंत एकाही स्त्रीला सदस्य करून घेतलं नव्हतं. म्हणजे आपली दहावी होऊन दोन वर्षं झाली होती! मग टेपयंत्रांच्या खोलीत त्या आधी चाळीस वर्षं बायका कशा? उत्तर असं, की ते संगीत आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. वर्कशॉप बीबीसीच्या संगीत विभागात नव्हतं. त्याच्या नावात 'संगीत' हा शब्दही नव्हता. तिथली माणसं संगीतकार नव्हती, सहायक होती. जिथे गादी नाही, घराणं नाही, गंडा बांधणारा उस्ताद नाही, तिथे दार राखायला कोण बसणार? दार उघडं राहिलं आणि या आत गेल्या.

आणि नाव का लागलं नाही? त्याचं कारण तेच! संगीत नाही, म्हणून संगीतकार नाही, म्हणून नाव नाही. ज्या कारणानं प्रवेश मिळाला त्याच कारणानं श्रेय गेलं.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगायला हवं की नाव न देण्याची रीत त्या वर्कशॉपमधल्या पुरुषांनाही लागू होती. फरक एवढाच की पुरुषाला त्या खोलीतून बाहेर पडून दुसऱ्या दहा दारांवर थाप मारता येत होती. डेक्काचं दार त्यांपैकीच एक.

हे फक्त इंग्लंडात घडलं असं नाही. अमेरिकेत बेबे बॅरन आणि त्यांचे यजमान लुई बॅरन यांनी १९५६ साली 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटाचं संगीत केलं. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला सबंध इलेक्ट्रॉनिक संगीत हे पहिलंच. लुई विजेची सर्किटं बांधत, त्यांना झेपणार नाही इतका ताण देत, आणि सर्किट तडफडत, किंचाळत जळून जाई. तो आवाज फितीवर घेतलेला असे. मग बेबेबाई त्या तासन्‌तासांच्या फिती ऐकून त्यातलं सोनं वेचत. जळलेलं सर्किट पुन्हा तसं वाजत नाही, म्हणून जे मिळालं तेवढंच. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याला 'संगीत' म्हणायचं नाही, असा आग्रह वादकांच्या संघटनेच्या बाजूनं झाला. शेवटी लिहिलं गेलं, 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज'. दोघांचं नाव लागलं, पण संगीतकार म्हणून नाही.

माझ्या धंद्याचंही मूळ असंच आहे. १९४६ साली अमेरिकेत जगासमोर आलेल्या 'एनियाक' या अवाढव्य संगणकाचे पहिले प्रोग्राम लिहिणाऱ्या सहा तरुणी होत्या. यंत्र बांधणं हे खरं काम आणि प्रोग्राम लिहिणं हे कारकुनी काम, अशी तेव्हाची समजूत. म्हणून ते मुलींना मिळालं. मी स्वतः एका जुन्या नोकरीत पाहिलं आहे, आम्ही तिघींनी उभं केलेल्या कामाचं मोठ्या बैठकीत सादरीकरण झालं आणि शेवटच्या पानावर आमच्यासाठी दोन शब्द होते, 'सपोर्ट टीम'. कुणी मुद्दाम केलं असंही नाही. काम कुठल्या कप्प्यात टाकलं यावर नाव ठरतं, एवढंच.

आता थोडं आपल्या जवळ येऊ या. अमेरिकेत बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. माझ्या कामाचं ते आजोळच म्हणा. तिथे सत्तरच्या दशकात लॉरी स्पीगल या संगीतकार खोलीभर संगणकावर संगीत करत होत्या. त्या गिटार, बँजो वाजवायच्या आणि प्रोग्रामही स्वतः लिहायच्या. १९८६ मध्ये त्यांनी घरगुती संगणकांसाठी 'म्युझिक माउस' नावाचा प्रोग्राम काढला. माउस हलवायचा, सूर कुठे बसवायचे ते प्रोग्राम सांभाळतो. केप्लर हा खगोलशास्त्रज्ञ तुम्हाला भूगोलातून नाही तरी विज्ञानातून आठवत असेल. त्यानं १६१९ सालच्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं की ग्रहांच्या वेगांमध्ये सुरांसारखी प्रमाणं आहेत. स्पीगलबाईंनी ते आकडे संगणकाला दिले आणि ग्रहांचा आवाज काढला.

१९७७ साली व्हॉयेजर यानं सूर्यमालेबाहेर निघाली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, पृथ्वीवरचे आवाज भरलेली. तिच्यातल्या आवाजांच्या भागाची सुरुवात स्पीगलबाईंच्या त्या ग्रहसंगीतानं होते. आणि त्याच तबकडीच्या संगीताच्या भागात आपल्या केसरबाई केरकर आहेत. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई, भैरवी गाताना. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या त्याच महिन्यात १६ तारखेला.

मला या जोडीचं फार कौतुक वाटतं. केसरबाईंच्या मागे जयपूर घराणं, खाँसाहेब अल्लादिया खाँ यांची वर्षानुवर्षांची तालीम, एकेका तानेसाठी आटवलेलं रक्त. स्पीगलबाईंच्या मागे कुठलंच घराणं नाही, एक रिकामी रात्र आणि टेलिफोन कंपनीचा संगणक. दोघी एकाच तबकडीवर आज सगळ्या ग्रहांपलीकडे आहेत. तिथे कुणी ऐकलं तर यातलं संगीत कुठलं आणि नुसता आवाज कुठला, हे त्याला आपण कसं समजावणार?

आणि अहमदाबाद. गीता साराभाई हे नाव ऐकलं असेल तुमच्यापैकी कुणी. पखवाज वाजवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. १९४६ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन केज या संगीतकाराशी त्यांची ओळख झाली. त्यांनी केज यांना भारतीय संगीताचा विचार शिकवायचा आणि केज यांनी त्यांना पाश्चात्त्य संगीत, असा व्यवहार ठरला. संगीत कशासाठी, तर मन शांत होऊन वरच्या शक्तीसाठी मोकळं व्हावं म्हणून, हे आपल्या गुरूंचं म्हणणं गीताबेननी केज यांना सांगितलं. ते त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलं. प्रयोगशील संगीताच्या इतिहासात केज यांचं नाव प्रत्येक पुस्तकात आहे. गीताबेन बहुतेक वेळा त्यांच्या चरित्रातल्या एका वाक्यात.

पण त्यांची स्वतःचीही गोष्ट आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला आणि एक स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो मांडून दिला. तिथे काही भारतीय मंडळींनी १९७२ पर्यंत इलेक्ट्रॉनिक रचना केल्या. त्यांत गीताबेनच्याही आहेत. मग स्टुडिओ बंद पडला आणि फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल परगस या ब्रिटिश कलावंतानं त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांची तबकडी निघाली. म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी. फितींवर नावं लिहिलेली होती म्हणून ती रचना कुणाची हे आज सांगता येतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. हे संगीत घरी जाऊन लावाल तर पहिल्या दोन मिनिटांत बंद कराल. घरातले विचारतील, फ्रीज बिघडला का? त्यासाठी एक युक्ती. फ्रान्सच्या एलियान राडिग यांच्या रचना तास-तासभर चालतात आणि आवाज इतका हळू बदलतो की बदलला कधी हे कळत नाही. त्यांनी आपला सिंथेसायझर घेताना त्याचा कीबोर्डच घेतला नाही, सुरांच्या पट्ट्या समोर असल्या की हात तिकडे जातो म्हणून. हे ऐकताना गाण्याची वाट पाहायची नाही. मैफल सुरू व्हायच्या आधी तानपुरे जुळवत असतात, जव्हारी बोलू लागते, एका तारेतून दुसरेच सूर उमटायला लागतात, ते आपण कसे ऐकतो? तसं ऐकायचं. मग दहाव्या मिनिटाला काहीतरी दिसायला लागतं. मी 'दिसायला' म्हणाले, ते तसंच राहू द्या.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या सगळ्यांच्या खिशाचा आहे.

जेवणानंतर बैठक आहे. बॅचनं जमवलेल्या निधीतून शाळेच्या जुन्या टेक्निकलच्या वर्कशॉपचं काय करायचं, ते ठरायचंय. ती खोली आठवते सगळ्यांना. मुलग्यांना आठवते आतून, आम्हा मुलींना खिडकीतून. तुम्ही आत कानस घासत होतात तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर काज-बटण करत होतो. तक्रार नाही करत, त्या काळी सगळीकडे तसंच होतं, आणि शिवणाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही शिकवलेली उलटी टीप मला अजून येते आणि कामालाही येते. पण सोल्डरिंगची कावीळ माझ्या हाती पहिल्यांदा आली ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात, तीही शेजारच्या मुलानं 'दे, मी करतो' म्हणेपर्यंत.

सध्याचा प्रस्ताव आहे संगणक कक्षाचा. तो व्हायलाच हवा, माझा पाठिंबा आहे. माझी विनंती एवढीच, की त्या खोलीच्या एका कोपऱ्यात एक टेबल आवाजासाठी ठेवा. एक बरा मायक्रोफोन, दोन स्पीकर, एक सोल्डरिंगचा संच, आणि आवाज कापण्या-जोडण्याचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. निधीतला अगदी लहान वाटा पुरेल. त्या टेबलाला अभ्यासक्रम नको, गुण नकोत, स्पर्धा नको.

काय करतील मुली तिथे? उदाहरण देते. डर्बिशायरबाईंकडे पत्र्याची एक हिरवी लॅम्पशेड होती. ती त्या वाजवत, ध्वनिमुद्रित करत आणि मग ठोक्याचा भाग कापून टाकत. राहायचं ते फक्त मागचं घुमणं. त्या घुमण्यातून त्यांनी वाळवंटाचं संगीत केलं. आपल्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. तिचा टोल मुद्रित करा, 'ठण्‌' कापा, नुसतं 'ण्णऽऽ' ठेवा, वेग निम्मा करा. सातवीतल्या मुलीला हे अर्ध्या तासात येईल. त्यात कंपनं आली, प्रमाण आलं, अपूर्णांक आले. आणि आपल्या शाळेची घंटा पृथ्वीवर आजवर कुणी ऐकली नाही अशी ऐकू येईल.

आणि एक वही. आमच्या धंद्यात प्रोग्रामची प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, का बदलली, याची नोंद आपोआप होत राहते. मला सॉफ्टवेअरमधली ही सगळ्यात सभ्य गोष्ट वाटते. त्या टेबलावर तशी एक जाड, बांधीव वही ठेवा. मुलीनं किंवा मुलानं जे केलं ते लिहायचं. तारीख, काय केलं, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. 'मदत केली' असं लिहायचं नाही, काय केलं ते लिहायचं. दारावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावायचा विचार आहे असं कळलं. मला वाटतं ती पाटी राहू द्या. आपली नावं शाळेच्या हजेरीपटावर आहेत, तेवढी पुरेत. पाटीचे पैसे स्पीकरमध्ये घाला.

गॅदरिंगला आपण घसा फोडून विचारायचो, 'अरे, आवाज कुणाचा?' आणि वर्गाचं नाव घ्यायचो. प्रश्न तेव्हा बरोबरच होता. उत्तर त्या वहीत नावानिशी असावं, एवढंच म्हणणं आहे.

महिन्यातून एक शनिवार मी स्वतः यायला तयार आहे. पुण्याहून पहाटेची गाडी पकडली की प्रार्थनेला पोहोचते. आणखी दोघं-तिघं लागतील, सोल्डरिंग येणारे चालतील, न येणारे जास्त चालतील. ज्यांना जमेल त्यांनी जेवणाच्या रांगेत मला गाठा.